आयपी ब्लॉकचा अर्ज भरण्याआधी: तुमची संस्था रजिस्ट्रीच्या कोणत्या वर्गात बसते, हे टप्प्याटप्प्याने कसं ठरवायचं

आयपी पत्ते म्हणजे इंटरनेटवर यंत्रांना ओळख देणारे क्रमांक, आणि ब्लॉक म्हणजे अशा सलग पत्त्यांचा गठ्ठा. ते वाटणाऱ्या रजिस्ट्रीकडे केलेले बरेच अर्ज एकाच कारणाने अडकतात. पैसे भरलेले असतात, कागदपत्रं अपलोड झालेली असतात, नेटवर्कची आकृतीही जोडलेली असते. पण पहिल्याच पानावर संस्थेचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो. मग रजिस्ट्रीचे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं अर्जातल्या दुसऱ्या माहितीशी जुळत नाहीत आणि आठवड्याचं काम महिन्यावर जातं. नागपुरात केबलवाले, कॉलेजं, हॉस्पिटलं आणि मिहानमधल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या यांच्यासोबत काम करताना हे मी इतक्यांदा पाहिलं की आता कोणी अर्जाचं नाव काढलं की मी फॉर्म उघडूच देत नाही. आधी वही उघडायला लावतो.

भारतात हे पत्ते आयआरआयएनएन ही राष्ट्रीय रजिस्ट्री देते. ती निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) ही संस्था चालवते. तिच्या वर एपनिक ही आशिया-पॅसिफिकची रजिस्ट्री आहे, तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. पत्ते कोणाला आणि किती द्यायचे, याचे मूळ निकष एपनिकच्या धोरणातून येतात. जगात अशा ५ विभागीय रजिस्ट्री आहेत आणि प्रत्येकीचे नियम वेगळे. युट्यूबवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकेच्या एरिनचे किंवा युरोपच्या राइपचे नियम सांगतात. राइपच्या भागात अंतिम वापरकर्ता, म्हणजे स्वतःसाठी पत्ते घेणारी संस्था, एखाद्या सदस्याला मध्ये घालून पत्ते घेतो; एरिनने २०२२ पासून असे वापरकर्ते आणि पत्ते पुढे देणाऱ्या संस्था या दोघांना एकाच शुल्करचनेत आणलं. यातलं काहीही वाचून इथला अर्ज भरू नका.

## टप्पा १: पत्ता शेवटी कोणाच्या यंत्रावर बसणार, हे लिहून काढा

रजिस्ट्री तुमचा आकार, उलाढाल किंवा नावातला ‘नेटवर्क’ हा शब्द पाहून वर्ग ठरवत नाही. तिला एवढंच हवं असतं: तुम्ही घेतलेले पत्ते तुमच्याच नेटवर्कमध्ये राहणार, की तुम्ही ते दुसऱ्यांना वापरायला देणार?

रेशन दुकानदाराला मिळालेला गहू आणि कार्डधारकाला मिळालेला गहू यांत जो फरक, तोच इथे आहे. दुकानदाराचा साठा पुढे वाटण्यासाठी असतो आणि त्याला वाटपाचं रजिस्टर ठेवावं लागतं. कार्डधारकाने तो घरी वापरायचा, विकायचा नाही. रजिस्ट्रीच्या भाषेत पहिल्याला अ‍ॅलोकेशन म्हणतात, दुसऱ्याला असाइनमेंट. अ‍ॅलोकेशन घेणाऱ्या संस्थेला एलआयआर, म्हणजे स्थानिक रजिस्ट्री, म्हणतात. व्यवहारात ती बहुतेक वेळा आयएसपी, म्हणजे ग्राहकांना इंटरनेट देणारी कंपनी, असते. असाइनमेंट घेणारा तो अंतिम वापरकर्ता.

वहीत पाच रकाने आखा: यंत्र कोणतं, कुठे बसलंय, मालकी कोणाची, ते चालवतो कोण, आणि त्याला पब्लिक पत्ता, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट दिसणारा पत्ता, लागतो का. मग एकेक यंत्र लिहा.

सक्करदऱ्यातल्या एका ऑपरेटरच्या ऑफिसात आम्ही हे केलं तेव्हा टेबलावर जुनी लांब वही होती. डाव्या पानावर ओएलटीचे (ग्राहकांच्या फायबर लाइनी जिथून निघतात त्या यंत्राचे) पोर्ट, उजव्या पानावर ग्राहकांची नावं, समासात पेन्सिलीने लिहिलेले पत्ते. ऑपरेटर म्हणाला, “आमी त आयएसपीच आहो न भाऊ, लोकायले नेट आमीच देतो.” मी पेन्सिलीने लिहिलेला एक पत्ता घेतला आणि तो कोणाच्या नावावर आहे ते हूइजमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जाहीर नोंदवहीत, पाहिलं. तो त्याच्या अपस्ट्रीम कंपनीचा, म्हणजे ज्या कंपनीकडून तो इंटरनेट घेतो तिचा, होता. बिलं फाडली तर तीही त्याच कंपनीच्या नावाने, लायसन्सही तिचंच. ऑपरेटर फ्रँचायझी होता. ग्राहक त्याला ओळखत होते, पण कागदावर सेवा दुसरीच कंपनी देत होती. त्याने ‘आयएसपी’ निवडून अर्ज केला असता तर पहिल्याच प्रश्नाला, म्हणजे लायसन्सच्या प्रतीला, अडकला असता.

तपासा: तुमच्या ग्राहकाच्या बिलावर वरच्या बाजूला कोणाचं नाव आहे? तुमचं नसेल तर पुढे जाण्याआधी थांबा आणि ते कोडं आधी सोडवा.

## टप्पा २: वर्ग ठरवा

वही भरली की साधारण तीनपैकी एक चित्र दिसतं.

पहिलं: पत्ते दुसऱ्यांकडे जातात. लायसन्स असलेला आयएसपी, किंवा ग्राहकांचे सर्व्हर आपल्या रॅकमध्ये ठेवून प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता देणारी होस्टिंग कंपनी. ही सेवा देणारी संस्था. हिला अ‍ॅलोकेशन.

दुसरं: सगळी यंत्रं आपलीच. बँक, हॉस्पिटल, विद्यापीठ, बुटीबोरीचा कारखाना, स्वतःचं उत्पादन स्वतःच्याच सर्व्हरवर चालवणारी सॉफ्टवेअर कंपनी. हा अंतिम वापरकर्ता. त्याला असाइनमेंट.

तिसरं: स्वतःच्या नावावर ब्लॉकची गरजच नाही. बहुतेक लोक खरं तर या गटात असतात आणि ते मान्य करणं त्यांना जड जातं. दोन-चार कॅमेरे, एक ईआरपी सर्व्हर आणि व्हीपीएनसाठी ८ किंवा १६ पत्ते लागत असतील तर ते प्रोव्हायडरकडूनच घ्या. जगभरातले राउटर आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, /२४ पेक्षा, म्हणजे २५६ पत्त्यांपेक्षा, लहान तुकडा सहसा स्वीकारत नाहीत (रेषेनंतरचा आकडा जितका लहान, तितका ब्लॉक मोठा). म्हणून रजिस्ट्रीचा लहानात लहान ब्लॉकही तेवढाच असतो.

गोंधळ होतो तो मधल्या प्रकरणांत.

कॉलेजचं होस्टेल. एका कॉलेजच्या नेटवर्क इनचार्जने मला विचारलं, “सर, होस्टेलमधली ६०० पोरं आमचे ग्राहकच झाले ना, मग आम्ही सेवा देणारे नाही का?” नाही. पोरांचे मोबाइल कॉलेजच्या वायफायवर येतात, त्यांना १० किंवा १७२.१६ ने सुरू होणारे प्रायव्हेट पत्ते तात्पुरते मिळतात आणि ती पोरं कॉलेजच्याच नेटवर्कचे वापरकर्ते असतात. कोणाच्याही नावावर पत्ता नोंदवला जात नाही. कॉलेज अंतिम वापरकर्ताच राहतं.

एकाच समूहाच्या अनेक कंपन्या. हिंगणा एमआयडीसीत एक कारखाना, वर्धा रोडला दुसरी कंपनी, मालक एकच कुटुंब. मालक एक असला तरी कंपन्या कायद्याने वेगळ्या आहेत. एकीच्या नावावर असाइनमेंट घेऊन दुसरीला पत्ते देणं म्हणजे दुसऱ्या संस्थेला देणंच. उलट, एकाच कंपनीच्या नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरच्या शाखा असतील तर ती एकच संस्था.

को-वर्किंगची जागा. भाडेकरूंना भाड्यासोबत वायफाय देणं वेगळं आणि प्रत्येक कंपनीला स्वतंत्र पब्लिक पत्त्यासह इंटरनेट विकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आयपीच्या आधी दूरसंचार परवान्याचा प्रश्न उभा राहतो. तो न सोडवता आयपीचा अर्ज करू नका.

सावधान: ‘आज अंतिम वापरकर्ता म्हणून घेऊ, उद्या ग्राहकांना देऊ’ हा बेत करू नका. असाइनमेंट ज्या कारणासाठी दिली त्यासाठीच वैध असते. तिचे तुकडे करून पुढे देता येत नाहीत.

## टप्पा ३: लायसन्सचा वर्ग आणि रजिस्ट्रीचा वर्ग यांची सरमिसळ करू नका

दूरसंचार विभागाच्या आयएसपी लायसन्सला ए, बी, सी असे वर्ग आहेत. ए देशभरासाठी, बी एका दूरसंचार सर्कलसाठी, सी त्याहून छोट्या क्षेत्रासाठी. नागपूर महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं; मुंबईचं सर्कल वेगळं आहे. हा वर्ग तुम्ही सेवा कुठे देऊ शकता ते सांगतो. तुम्हाला किती पत्ते मिळतील ते सांगत नाही. सी वर्गाचा आयएसपी आणि ए वर्गाचा आयएसपी दोघेही रजिस्ट्रीच्या नजरेत सेवा देणारी संस्थाच.

मला भेटलेल्या अनेकांनी अर्जाच्या कोऱ्या जागेत ‘आम्ही क्लास सी’ असं लिहिलेलं होतं आणि त्यावर सोबत ‘म्हणून कमी पत्ते द्या’ किंवा ‘म्हणून जास्त’ अशी मागणी. हे वाक्य खोडून टाका. लायसन्सची प्रत जोडली की ती माहिती तिथे पोचते.

रजिस्ट्रीत आणखी एक वर्गवारी असते, ती शुल्काची. तुमच्याकडे एकूण किती पत्ते आहेत त्यावर वार्षिक शुल्क ठरतं. संस्थेच्या प्रकाराशी ती गोष्ट एक नाही. शुल्काचे आकडे बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी रजिस्ट्रीच्या साइटवरचाच तक्ता पाहा. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नको.

## टप्पा ४: अर्जदाराचं नाव पक्कं करा

इथे सर्वांत जास्त वेळ जातो, आणि हे काम नेटवर्क इंजिनिअरचं नाही. अकाउंट्सवाल्यांना आणि सीएला सोबत घेऊन बसा.

पत्ते कायदेशीर संस्थेच्या नावावर नोंदले जातात. इमारतीच्या, ब्रँडच्या किंवा विभागाच्या नावावर नाही. विदर्भातली बरीच कॉलेजं आणि हॉस्पिटलं सार्वजनिक न्यासाच्या किंवा नोंदणीकृत सोसायटीच्या मालकीची आहेत. पॅन कार्ड न्यासाच्या नावावर असतं, फाटकावरची पाटी कॉलेजची असते, वीजबिल ‘प्राचार्य’ या नावाने येतं आणि वेबसाइटचं डोमेन आधीच्या सिस्टिम अ‍ॅडमिनच्या वैयक्तिक ईमेलवर. अर्जदार कोण, तर न्यास. कॉलेजचं नाव वर्णनात लिहिता येतं.

अर्जाआधी हे एका ओळीत मांडून पाहा: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी क्रमांक, सेवा देणारे असाल तर लायसन्स, आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव. पाचही कागदांवर नाव अक्षरशः सारखं हवं. एका ठिकाणी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि दुसरीकडे ‘प्रा. लि.’ एवढा फरक चालून जाईल, पण नाव बदलून दोन वर्षं झाली आणि जीएसटीवर जुनंच आहे, हे चालणार नाही. कंपनी संचालक मंडळाचा ठराव करते, न्यास विश्वस्तांचा. ठरावात कोणाला, कशासाठी अधिकार दिला ते स्पष्ट लिहा.

फर्म एकट्या मालकाची असेल तर आणखी एक अडचण लक्षात घ्या. युनिफाइड लायसन्सखालचा आयएसपी परवाना कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीला मिळतो. प्रोप्रायटर म्हणून केबलचं काम करणाऱ्याला आधी कंपनी, मग लायसन्स, मग आयपी, असाच क्रम घ्यावा लागतो. हा क्रम उलटा करणाऱ्यांचे पैसे आणि वेळ दोन्ही वाया गेलेले मी पाहिले आहेत.

तपासा: अर्जातला ईमेल संस्थेच्या डोमेनवरचा आणि एकाहून जास्त लोकांना दिसणारा आहे का? नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरच्या जीमेलवर रजिस्ट्रीची पत्रं जात राहिली की ब्लॉक हातून जायची वेळ येते.

## टप्पा ५: गरजेचा हिशेब वर्गाप्रमाणे मांडा

आयपीव्ही४ ची टंचाई आहे, म्हणून नव्या सदस्याला एपनिकच्या क्षेत्रात जास्तीत जास्त /२३, म्हणजे ५१२ पत्ते मिळतात. २०१९ च्या आधी ही मर्यादा /२२, म्हणजे १,०२४ होती; जुने लेख तेच सांगतात. तुम्ही ५,००० मागितले तरी मिळणार तेवढेच. पण ५१२ मिळवायलाही हिशेब द्यावाच लागतो.

सेवा देणाऱ्या संस्थेने /२३ एका वर्षात कसा वापरणार ते दाखवायचं असतं. हिशेब असा मांडा. समजा १,८०० ब्रॉडबँड ग्राहक आहेत आणि तुम्ही ८ ग्राहकांमागे एक पब्लिक पत्ता या प्रमाणात नॅट करता (एकच पत्ता अनेकांत वाटून वापरता). म्हणजे २२५ पत्ते. लीज लाइनचे (स्वतंत्र राखीव जोडणीचे) ३० ग्राहक, प्रत्येकी ४ पत्त्यांचा तुकडा, म्हणजे १२०. राउटर, डीएनएस आणि इतर सर्व्हरसाठी ३२. बेरीज ३७७. पुढच्या वर्षात कामठी आणि उमरेडकडे वाढ होणार असेल तर तिथल्या ओएलटीची खरेदी, अपेक्षित ग्राहक आणि त्यांचे पत्ते वेगळ्या ओळीत दाखवा. ३७७ हा आकडा /२४ मध्ये मावत नाही, म्हणून /२३. एवढा सरळ हिशेब वाचणाऱ्याला पटतो. ‘फ्युचर एक्स्पान्शन २००’ ही ओळ पटत नाही.

अंतिम वापरकर्त्याचा निकष वेगळा आहे आणि तोच लोक विसरतात. एकापेक्षा जास्त प्रोव्हायडरशी जोडणी असणं किंवा तशी पक्की योजना असणं, आणि मागितलेल्या पत्त्यांपैकी २५ टक्के लगेच, ५० टक्के वर्षभरात वापरणं. /२४ साठी हे आकडे ६४ आणि १२८.

धंतोलीतल्या एका हॉस्पिटलची यादी माझ्यासमोर आली तेव्हा त्यात पब्लिक पत्ता खरोखर लागणारी यंत्रं ४० होती. एमआरआयचं यंत्र, नर्सिंग स्टेशनचे संगणक, बायोमेट्रिक हजेरी हे सगळं त्यांनी यादीत घातलं होतं. ते काढल्यावर उरलेला हा आकडा. ६४ पर्यंत पोचत नव्हता. त्यांना मी प्रोव्हायडरकडून /२६, म्हणजे ६४ पत्ते, घ्यायला आणि दुसरी लाइन बॅकअप म्हणून फायरवॉलवर जोडायला सांगितलं. त्यांना हवं होतं ते म्हणजे एक लाइन तुटली तरी ओपीडी थांबू नये. त्यासाठी स्वतःचा ब्लॉक लागत नाही.

सावधान: प्रायव्हेट पत्त्यावर चालणारी यंत्रं पब्लिक गरजेत मोजू नका. प्रिंटर आणि कॅमेरे यादीत दिसले की वाचणाऱ्याचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

## टप्पा ६: एएस नंबर आणि आयपीव्ही६ त्याच बैठकीत

स्वतःचा ब्लॉक दोन अपस्ट्रीमकडे बीजीपीने (नेटवर्क एकमेकांना मार्ग सांगतात त्या पद्धतीने) जाहीर करायचा असेल तर एएस नंबर, म्हणजे तुमच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, लागेल. एकच अपस्ट्रीम असेल आणि तुमचं राउटिंग त्याच्यापेक्षा वेगळं नसेल तर नंबरची गरज सिद्ध करणं कठीण. तेव्हा अपस्ट्रीमशी बोलून ६४५१२ ते ६५५३४ या प्रायव्हेट मालिकेतला नंबर वापरता येतो.

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, कितीतरी मोठी पद्धत, मागायला लोक विसरतात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ते जवळपास आपसूक मिळतं. ज्या सदस्याकडे आयपीव्ही४ आहे त्याला वेगळं समर्थन न देता आयपीव्ही६ घेता येतं. इथेही तोच वर्ग लागू होतो: सेवा देणाऱ्याला /३२, अंतिम वापरकर्त्याला /४८. एका /३२ मध्ये असे ६५,५३६ /४८ मावतात. प्रत्येक लीज लाइन ग्राहकाला एकेक दिला तरी संपणार नाही.

## टप्पा ७: अर्ज आणि त्यानंतरची प्रश्नोत्तरं

अर्ज भरताना क्रम पाळा: आधी संस्था आणि संपर्क, मग सदस्यत्व, मग पत्त्यांची मागणी. आकृतीत दोन्ही अपस्ट्रीमची नावं, जोडणीचं ठिकाण आणि तुमचा राउटर दिसू द्या. अपस्ट्रीमचं पत्र किंवा करार आधीच तयार ठेवा; ते येईपर्यंत अर्ज लटकत राहतो.

प्रश्न आला की घाईत उत्तर देऊ नका. वही उघडा, वहीतल्याच आकड्याने उत्तर द्या. पहिल्या पत्रात १,८०० ग्राहक आणि तिसऱ्यात २,५०० असं झालं की पुन्हा पहिल्यापासून.

सावधान: एजंट ‘काहीही लिहा, ब्लॉक काढून देतो, नंतर भाड्याने लावा’ म्हणत असेल तर त्याला नमस्कार करा. एपनिकच्या शेवटच्या साठ्यातल्या, १०३ ने सुरू होणाऱ्या ब्लॉकचं पहिल्या वाटपापासून ५ वर्षं हस्तांतर होत नाही. चुकीची माहिती उघड झाली तर ब्लॉक परत जातो, आणि अर्जावर सही एजंटची नसते, तुमची असते.

## टप्पा ८: ब्लॉक मिळाल्या दिवशी काय तपासायचं

हूइजमध्ये आपला ब्लॉक शोधा आणि स्टेटसची ओळ वाचा. सेवा देणाऱ्याच्या ब्लॉकवर ‘अ‍ॅलोकेटेड पोर्टेबल’ हवं, अंतिम वापरकर्त्याच्या ब्लॉकवर ‘असाइन्ड पोर्टेबल’. प्रोव्हायडरकडून आलेल्या तुकड्यावर ‘नॉन-पोर्टेबल’ दिसतं. तो प्रोव्हायडर सोडला की पत्तेही सोडावे लागतात. स्टेटस चुकीचं दिसलं तर त्याच दिवशी लिहून कळवा. वर्षाने कळवलं तर तोवर ग्राहकांच्या नोंदी त्यावर उभ्या राहिलेल्या असतात.

सेवा देणाऱ्याने लीज लाइनच्या ग्राहकांना दिलेले तुकडे नोंदवत जावेत. पुढे पत्ते मागायची वेळ आली तर आधीचे ८० टक्के वापरल्याचा पुरावा हाच.

तक्रारींचा ईमेल चालू ठेवा. एपनिकच्या नियमानुसार तो दर ६ महिन्यांनी पडताळला जातो. पडताळणीच्या मेलमधली लिंक दाबली नाही तर नोंद अवैध दिसू लागते.

मग राउटिंगची नोंद, म्हणजे आरओए: तुमचा ब्लॉक कोणता एएस नंबर जाहीर करू शकतो, हे ती सांगते. /२३ घेतला आणि त्याचे दोन /२४ वेगवेगळ्या अपस्ट्रीमकडून जाहीर करायचे असतील, तर प्रत्येक /२४ साठी वेगळा आरओए करा. फक्त /२३ चा केला आणि जाहीर /२४ केलं तर तपासणी करणारे नेटवर्क तुमचा मार्ग फेकून देतात. एका ऑपरेटरचे ग्राहक अर्धा दिवस ठरावीक साइट उघडत नाहीत म्हणून फोन करत होते. फायबर तपासून झालं, ओएलटी दोनदा बंद-चालू केला. कारण हीच एक ओळ.

## वर्ग बदलला तर

अंतिम वापरकर्ता म्हणून ब्लॉक घेतलेल्या सॉफ्टवेअर कंपनीने दोन वर्षांनी होस्टिंग सुरू केलं, असं होतं. तेव्हा पहिल्या ग्राहकाला पत्ता देण्याआधी रजिस्ट्रीला लिहा. पत्रात तीन गोष्टी: नवा व्यवसाय काय, कोणते पत्ते अजून स्वतःच्याच वापरात आहेत, आणि ग्राहकांसाठी किती लागतील. कंपनीचं नाव बदललं, विलीनीकरण झालं किंवा न्यासाने कॉलेज दुसऱ्या संस्थेकडे सोपवलं, तरीही हेच. सोबत नोंदणी कार्यालयाचा आदेश जोडा, आणि वहीचं पहिलं पान नव्या तारखेने पुन्हा भरा.